मृगातला मेघ आणि क्ष-किरण

कार्तिक वद्य एकादशीच्या सुमारास आमच्या आळंदीत इंद्रायणीच्या दोन्ही तीरांवर वारकऱ्यांच्या राहुट्या पडतात. शके १२१८, म्हणजे इ. स. १२९६ मध्ये, कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वरांनी येथे समाधी घेतली. त्या दिवसाचा हा सोहळा. वद्य पक्ष असल्यामुळे चंद्र उत्तररात्रीनंतरच वर येतो आणि त्यापूर्वीचे आकाश पुष्कळ काळे असते. रात्री आठ-नऊच्या सुमारास मरकळच्या बाजूला, पूर्वेकडे, मृग नक्षत्र उगवते. चार कोपऱ्यांना चार तेजस्वी तारे आणि मध्ये एका रेषेत तीन तारे. हा व्याधाने हरणाला मारलेला बाण, असे आपल्या आजी-आजोबांनी सांगितलेले असते. या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला आणखी तीन मंद ठिपके दिसतात. त्यांतला मधला ठिपका नीट पाहिला तर ताऱ्यासारखा टोकदार दिसत नाही, काचेवर फुंकर मारल्यासारखा धूसर दिसतो. अलीकडे चाकण, भोसरी आणि पिंपरीच्या दिव्यांनी आकाश फिकट झाल्यामुळे तो नुसत्या डोळ्यांना दिसणे कठीण झाले आहे. पण साधी द्विनेत्री दुर्बीण लावली की अजूनही सापडतो.

हा धूसर ठिपका म्हणजे मृगातील तेजोमेघ. तो आपल्यापासून सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर आहे आणि त्याच्या पोटात व पाठीमागच्या काळ्या मेघात हजारो तारे नुकतेच जन्मले आहेत. नुकतेच म्हणजे दहा-वीस लाख वर्षांपूर्वी. आपल्या सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आहे. माणसाच्या आयुष्याशी प्रमाण जुळवले तर हे तारे जेमतेम दहा-बारा दिवसांची बाळे ठरतात. ही बाळे क्ष-किरणांत कशी दिसतात, हे माणसाला कसे कळले आणि त्या कथेत पुण्याचा, मुंबईचा, हैदराबादचा हात किती, हे सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहे. प्रसंग साधा होता. शाळेतल्या एका मुलीने मला विचारले, “सर, दवाखान्यातले क्ष-किरण हाडे दाखवतात, मग आकाशातल्या ढगांच्या आतले काही दाखवत असतील का?” प्रश्न तिने सहज विचारला होता. त्याचे उत्तर मिळवण्यासाठी शास्त्रज्ञांची निदान शंभर वर्षे खर्ची पडली होती, हे मला त्या वेळी सांगता आले नाही.

प्रारंभ नावांपासून करू. मृगाच्या ताऱ्यांची युरोपीय नावे बहुतेक अरबी आहेत. ‘रायजेल’ म्हणजे ‘रिज्ल’, पाय. ‘बीटलज्यूस’ हे मुळात ‘यद् अल्-जौझा’, म्हणजे जौझाचा हात. लॅटिनमध्ये उतरवताना कोणा नकलनविसाने ‘य’च्या खालच्या दोन नुक्त्यांऐवजी एक नुक्ता वाचला आणि ‘य’चा ‘ब’ झाला. एका नुक्त्याने केवढी उलथापालथ होते, हे उर्दू शिकलेल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. शेजारच्या वृषभ राशीतली आपली रोहिणी ती ‘अल्-दबरान’, मागून येणारी. कोणाच्या मागून? सुरैयाच्या. आपल्या घरांतून मुलींना हौसेने ठेवले जाणारे सुरैया हे नाव म्हणजे कृत्तिकांचा पुंजका. कृत्तिका पुढे, रोहिणी मागे, असा तो क्रम आहे.

दहाव्या शतकात अब्दुर्रहमान अस्-सूफी याने इ. स. ९६४ च्या सुमारास स्थिर ताऱ्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात देवयानीतला धूसर डाग ‘लहानसा ढग’ म्हणून नोंदवला आहे. आज त्याला आपण देवयानी दीर्घिका म्हणतो. इतक्या बारीक नजरेच्या माणसाने मृगातल्या तेजोमेघाची मात्र नोंद केलेली नाही. टॉलेमीनेही केली नव्हती. दुर्बिणीतून तो प्रथम १६१० मध्ये फ्रान्समधील पेरेस्क याने पाहिला आणि हॉलंडच्या हायगेन्सने १६५९ मध्ये त्याचे चित्र छापले. उघड्या डोळ्यांना दिसणारी वस्तू शतकानुशतके कोणाच्या लेखी आली नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

आता पुण्याकडे येऊ. कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) हे पारशी गृहस्थ पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकवीत. हे कॉलेज म्हणजे पुढचे अभियांत्रिकी महाविद्यालय, आजचे सी. ओ. ई. पी. तंत्रशास्त्र विद्यापीठ. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपये दिले, मुंबई सरकारने तितकीच भर घातली आणि १८८८ मध्ये कॉलेजच्या आवारात ‘महाराज तख्तसिंहजी वेधशाळा’ उभी राहिली. येथली २० इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी गणली जाई. इंग्लंडमधील नॉर्मन लॉकयर हे नायगमवालांचे मार्गदर्शक व हितचिंतक. सूर्याच्या वर्णपटात हेलियमची रेषा ओळखणारे लॉकयर हेच. त्यांच्या सल्ल्यावरून पुण्याची वेधशाळा वर्णपटाच्या अभ्यासाकडे वळली.

त्या वेळी लॉकयर यांचा एक आवडता सिद्धान्त होता. तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे आहेत; उल्का एकमेकींवर आदळतात, तापतात आणि त्यांच्या वाफेचा प्रकाश आपल्याला दिसतो, असे त्यांचे म्हणणे. तेजोमेघांच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा असते. ती मॅग्नेशियमच्या एका पट्ट्याची कड आहे, असा लॉकयर यांचा दावा होता. तसे असेल तर ती रेषा एका बाजूला पुसट होत गेलेली दिसली पाहिजे; आणि मेघ विरळ वायूचा असेल तर रेषा दोन्ही बाजूंनी स्वच्छ दिसेल. नायगमवालांनी पुण्याहून मृगातील मेघाचा वर्णपट पुनःपुन्हा पाहिला आणि १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिक पत्रिकेत कळवले की, कोणत्याही परिस्थितीत रेषा तीक्ष्णच दिसते. म्हणजे ज्यांनी हात धरून या विद्येत आणले, त्यांच्याच मताविरुद्ध हा निकाल गेला. परतंत्र देशातल्या एका अध्यापकाने विलायतेतल्या आपल्या आश्रयदात्याविरुद्ध पुरावा छापणे ही गोष्ट त्या काळात हलकी नव्हती. दुसऱ्या ठिकाणांचे वेधही हेच सांगत होते आणि लॉकयर यांचा उल्कासिद्धान्त मागे पडला. ती हिरवी रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे अमेरिकेतील बोवेन यांनी १९२७ मध्ये उलगडले.

योगायोग असा की, त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९३ मध्ये, याच पुण्यात राहणाऱ्या लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ बाहेर पडला. मृग नक्षत्राच्या प्राचीन उल्लेखांवरून वेदांचा काळ ठरवण्याचा तो प्रयत्न होता. एकाच शहरात एकाच नक्षत्राकडे एकाने यंत्रातून पाहिले, दुसऱ्याने पोथीतून.

नायगमवालांनी २२ जानेवारी १८९८ रोजी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे खग्रास सूर्यग्रहणाच्या वेधाची मोहीम नेली. ग्रहणाच्या त्या काही क्षणांत सूर्याभोवती जी मोतिया रंगाची प्रभा दिसते, ती प्रभा पुढे आपल्या विषयाची किल्ली ठरली. पण पुण्याच्या वेधशाळेला पुढचे दिवस पाहायला मिळाले नाहीत. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. वेधशाळा एका माणसाच्या उत्साहावर उभी होती. माणूस गेला आणि घुमट रिकामा झाला. संस्था चालवणाऱ्यांना हे दुःख ठाऊक असते.

नायगमवाला १८९१ मध्ये मृगाकडे पाहत होते तेव्हा क्ष-किरण ठाऊकच नव्हते. राँटगेनला ते १८९५ च्या नोव्हेंबरात सापडले. ते आकाशातून येत असतील अशी कल्पना कोणी केली नाही, कारण पृथ्वीचे वातावरण त्यांना खाली येऊ देत नाही. आपल्या डोक्यावरच्या हवेचे वजन सुमारे दहा मीटर पाण्याच्या थराएवढे आहे. एवढ्या थरातून क्ष-किरण पार होत नाहीत, आणि त्यामुळेच आपण जगतो. म्हणून हे शास्त्र अग्निबाण येईपर्यंत थांबून राहिले.

क्ष-किरण निघायला उष्णता किती लागते, हे आपल्या भागातल्या लोकांना एका उदाहरणाने सांगता येईल. भोसरी-चाकणच्या फाउंड्रीत ओतले जाणारे लोखंड साधारण चौदाशे अंश तापलेले असते. ते पिवळसर पांढरे दिसते. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा. तो डोळे दिपवतो. वस्तू जितकी अधिक तापते तितका तिचा प्रकाश निळ्याकडे आणि त्याही पलीकडे सरकतो. क्ष-किरण यायला दहा-वीस लाख अंश आणि त्याहून अधिक तापलेला वायू लागतो. ग्रहणात दिसणारी सूर्यप्रभा एवढी तापलेली असते, हे १९४० च्या सुमारास वर्णपटावरून सिद्ध झाले होते. १९४९ मध्ये अमेरिकेने जर्मनांकडून मिळालेल्या व्ही-२ अग्निबाणांवर उपकरणे चढवून सूर्याचे क्ष-किरण प्रत्यक्ष टिपले. पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा आणि त्यावरचे विरळ वातावरण दहा लाखांचे, हे उफराटे प्रकरण चुंबकीय क्षेत्रामुळे घडते. त्याचा सर्व तपशील अजून उलगडलेला नाही.

सूर्याबाहेरचा पहिला उगम सापडला जून १९६२ मध्ये. रिकार्डो जाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अग्निबाण काही मिनिटे वातावरणाबाहेर गेला आणि वृश्चिक राशीतील एका तेजस्वी उगमाची बातमी घेऊन आला. या कामासाठी जाकोनींना २००२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात ही बातमी वाया गेली नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी होमी भाभांच्या काळापासून मोठमोठे बलून उडवले जात. तीच विद्या बी. व्ही. श्रीकांतन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी क्ष-किरणांसाठी वापरली. बलून हैदराबादहून सुटत. ते वातावरणाच्या बहुतेक भागावर जात, तेथे अधिक ऊर्जेचे क्ष-किरण पोचतात. १९६८ मध्ये वृश्चिकातील त्या उगमाचे वेध हैदराबादच्या बलूनमधून घेतले गेले. बलूनचे पातळ प्लॅस्टिकही हैदराबादेतच तयार होई. त्यानंतर १९ एप्रिल १९७५ रोजी सुटलेल्या आर्यभट या पहिल्या भारतीय उपग्रहावरही क्ष-किरणांचे एक उपकरण होते. वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे ते काही दिवसच चालू शकले, ही गोष्ट वेगळी.

अमेरिकेने १२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्यावरून केवळ क्ष-किरणांसाठी पहिला उपग्रह सोडला. केनियाचा तो स्वातंत्र्यदिन होता म्हणून त्याचे नाव ‘उहुरू’, स्वाहिलीत स्वातंत्र्य. शब्द अरबी ‘हुर्र’वरून आलेला, हुर्रियत म्हणतो आपण, तोच धातू. या उहुरूच्या यादीत मृगातील मेघाच्या दिशेला एक उगम नोंदवला गेला. पण त्याची नजर इतकी भोंगळ होती की, तो उगम मेघातला कोणता तारा आहे, की मेघच सगळा चमकतो आहे, हे सांगता येईना. क्ष-किरणांची दुर्बीण बनवणे अवघड. साध्या आरशावर ते परावर्तित न होता आत घुसतात. अगदी तिरकस, आरशाला घासून गेल्यासारखे आले तरच ते वळतात. पाण्यावर तिरपा फेकलेला चपटा दगड उड्या मारतो तसे. म्हणून एकात एक बसवलेल्या नळकांड्यांसारखे आरसे करावे लागतात. असे आरसे घेऊन ‘आइनस्टाइन’ वेधशाळा नोव्हेंबर १९७८ मध्ये वर गेली आणि एप्रिल १९८१ पर्यंत चालली.

येथून तरुण ताऱ्यांची खरी गोष्ट सुरू होते. १९७९ मध्येच मृगातील मेघाचे चित्र आले आणि तेथे एक नव्हे, अनेक वेगवेगळे उगम दिसले. वृषभ राशीत, रोहिणीजवळ, टी टाउरी नावाचा एक लहरी तारा आहे. हाइंड या इंग्रज ज्योतिर्विदाने तो १८५२ मध्ये शोधला; आणि अशा ताऱ्यांचा एक वर्ग आहे, हे आल्फ्रेड जॉय यांनी १९४५ मध्ये दाखवले. तेज कमीजास्त होणारे, काळ्या मेघांच्या आसपास घुटमळणारे हे तारे म्हणजे बाल्यावस्थेतले सूर्य, हे मत पुढे मान्य झाले. असे अनेक तारे क्ष-किरण देतात, असे आइनस्टाइन वेधशाळेने दाखवले. आणि तेही सूर्याच्या सुमारे हजारपट.

फ्रान्सचे तिएरी मोंमेर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्येष्ठा ताऱ्याजवळच्या काळ्या मेघाकडे अनेकदा पाहिले. हा मेघ सुमारे ४५० प्रकाशवर्षांवर आहे. १९८३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की, तेथे सुमारे पन्नास उगम आहेत आणि ते एकसारखे चमकत नाहीत. आज पाहिले तर काही पेटलेले, काही विझलेले. पुन्हा पाहिले तर विझलेले पेटलेले. त्यांनी नाताळच्या झाडावरच्या दिव्यांची उपमा दिली. आपण ईदच्या किंवा दिवाळीच्या रोषणाईची दिली तरी चालेल. त्यावरून असा निष्कर्ष निघाला की, हा प्रकाश सूर्यावरील ज्वालांसारखा आहे. ताऱ्यावर चुंबकीय क्षेत्राच्या कमानी उभ्या राहतात, पिळतात, तुटतात, पुन्हा जुळतात. तुटण्या-जुळण्यात सुटलेली शक्ती वायूला कोट्यवधी अंश तापवते आणि क्ष-किरणांचा भडका उडतो. तरुण तारा आकाराने फुगलेला असतो, आतून उकळत्या आधणासारखा घुसळत असतो आणि काही दिवसांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो. आपल्या सूर्याला त्यासाठी सुमारे पंचवीस दिवस लागतात. घुसळणे आणि वेगाने फिरणे, या दोहोंमुळे चुंबकीय क्षेत्र बळावते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. दाट मेघातली धूळ दृश्य प्रकाश कोंडून ठेवते. काही ठिकाणी मेघाच्या पोटातला तारा तीस प्रतींनी मंद होतो, म्हणजे त्याच्या प्रकाशाचा एक लाख कोटीवा भाग आपल्यापर्यंत येतो. म्हणजे काहीच येत नाही. जरा जोरदार क्ष-किरण मात्र त्यातून पार होतात. छातीच्या तपासणीत मांस आड येत नाही, तसेच. १९९६ मध्ये जपानच्या कोयामा यांच्या गटाने ‘आस्का’ उपग्रहाच्या साहाय्याने दाखवले की, ज्यांच्यावर अजून वायूचा पाऊस पडतो आहे अशी मेघाच्या कोशातली ताऱ्यांची भ्रूणेही क्ष-किरण देतात. फाउंड्रीच्या कामगारांच्या छातीची तपासणी दरवर्षी झाली पाहिजे, असे आम्ही सांगत असतो. तेच साधन असे लाखो-कोटी कोसांवर उपयोगी पडते.

आणखी एक गोष्ट या वेधांनी शिकवली. पूर्वी तरुण तारे ओळखण्याची खूण म्हणजे त्यांच्याभोवतीची वायू-धुळीची चकती. चकतीतला वायू ताऱ्यावर पडतो आणि त्यामुळे वर्णपटात हायड्रोजनची ठळक रेषा उमटते. क्ष-किरणांनी असे कितीतरी तारे दाखवले की ज्यांच्याजवळ चकती उरलेली नाही, ती रेषाही नाही, पण वयाने ते तितकेच लहान. जुन्या शिरगणतीत ही मुले सुटलीच होती. १९८० च्या दशकात हे ध्यानात आल्यावर कोणत्या मेघात किती तारे जन्मले याचे हिशेब बदलावे लागले. शिरगणतीत जे सुटतात त्यांच्याविषयी चुकीची मते बनतात, हे मला येथे सहज आठवले. असो.

१९९९ साली दोन मोठ्या वेधशाळा आकाशात गेल्या. जुलैमध्ये अमेरिकेची ‘चंद्रा’, जिला लाहोरात जन्मलेल्या आपल्या सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचे नाव दिले आहे. आणि डिसेंबरमध्ये युरोपची ‘एक्सएमएम-न्यूटन’. चंद्राची नजर इतकी तीक्ष्ण की मृगाच्या मेघातली दाटीही तिने उकलली. जानेवारी २००३ मध्ये तिने या एकाच मेघाकडे जवळजवळ दहा दिवसांइतका वेळ टक लावून पाहिले. निष्कर्ष २००५ मध्ये छापले गेले. १,६१६ उगम सापडले. त्यांतले सुमारे १,४०० त्या मेघातले तरुण तारे होते. या मोहिमेचे नेतृत्व अमेरिकेतील एरिक फायगेलसन यांच्याकडे होते. त्या ढिगातून सूर्याएवढ्या वस्तुमानाचे २८ तारे वेगळे काढून तपासले गेले. त्यांच्यापैकी प्रत्येकावर सरासरी आठवड्याला एक तरी मोठी ज्वाला उसळते, असे दिसले. काही ज्वालांत वायू दहा कोटी अंशांवर जातो. आपल्या सूर्यावर मोठी म्हणून गणली जाणारी ज्वाला त्यांच्यापुढे काडेपेटीची काडी.

काहींच्या चुंबकीय कमानी ताऱ्यापासून थेट भोवतालच्या चकतीपर्यंत गेलेल्या असाव्यात, असा तर्क झाला. तो सर्वांना मान्य नाही, आणि मला वाटते तो खुला ठेवणेच बरे. चकतीतून ताऱ्यावर पडणारा वायू आपटून तापल्यामुळेही काही क्ष-किरण निघतात, हे टीडब्ल्यू हायड्री या एका ताऱ्यात बरेचसे स्पष्ट झाले आहे. तरीही बहुतांश भाग ज्वालांचाच, असे एकूण मत आहे.

हे सगळे दूरच्या ताऱ्यांचे झाले. त्यातून आपल्या घराशी संबंध काय? आपला सूर्यही एके काळी असाच तान्हा होता, आणि त्याच्याभोवतीच्या चकतीतूनच पृथ्वी घडली. त्या काळातले साक्षीदार आज उल्कांच्या दगडांत सापडतात. १९८७ मध्ये कॅफी, होहेनबर्ग, स्विंडल हे अमेरिकेतील संशोधक आणि अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे जितेंद्रनाथ गोस्वामी यांनी उल्कांतील काही कण तपासले. कणांत सूर्याकडून आलेल्या वेगवान कणांचे ओरखडे होते, आणि त्या ओरखडे असलेल्या कणांत एका विशिष्ट जातीचे निऑन अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक होते. आजच्या सूर्याच्या हिशेबाने एवढे निऑन जमायला फार प्रदीर्घ काळ लागला असता. म्हणून त्यांनी मांडले की, बाल्यात सूर्य आजच्यापेक्षा कितीतरी अधिक खवळलेला असावा. मृगाच्या मेघातल्या २८ ताऱ्यांनी पुढे हेच दुसऱ्या बाजूने सांगितले. एका बाजूला प्रयोगशाळेतला धुळीचा कण, दुसऱ्या बाजूला १,३०० प्रकाशवर्षे दूरचा भडका. आणि दोघांची साक्ष जुळली. साक्षी-पुराव्याच्या दृष्टीने या विषयातले इतके समाधानकारक दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. (हेच गोस्वामी पुढे चांद्रयान-१ चे प्रमुख शास्त्रज्ञ झाले.)

क्ष-किरणांचा चकतीवर परिणाम काय होतो, याविषयी दोन्ही अंगांनी बोलता येते. ते चकतीतल्या वायूचे इलेक्ट्रॉन तोडतात, त्यामुळे चुंबकीय क्षेत्राची पकड बसते आणि चकतीतला वायू हलता राहतो. ग्रह घडण्याला याने मदत होते की अडथळा, यावर वाद चालू आहे. शिवाय ते चकतीचा वरचा थर हळूहळू उडवून लावतात. ग्रह घडायला वेळ पुरेल की त्याआधीच चकती संपेल, हा त्यातला खरा प्रश्न.

आपल्याकडे या विषयात काय झाले? टाटा संस्थेने हैदराबादहून बलूनवर एक मीटर व्यासाची अवरक्त दुर्बीण पाठवून ताऱ्यांच्या जन्मस्थानांतल्या उबदार धुळीचे नकाशे काढले. मेघ समजून घेण्याला तेही तितकेच लागते. २०१३ मध्ये मुंबई आणि नैनिताल येथील संशोधकांनी एक्सएमएम-न्यूटनच्या नोंदी वापरून आठ तरुण तारकापुंजांचा अभ्यास केला. मेघातून बाहेर पडलेले तारे पुढच्या काही कोटी वर्षांत कसे शांत होतात, हे त्यांना पाहायचे होते. आणि २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटाहून ‘ॲस्ट्रोसॅट’ सुटला. त्यावरची मृदू क्ष-किरणांची दुर्बीण टाटा संस्थेत के. पी. सिंग यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली. सोन्याचा पातळ मुलामा दिलेले आरशांचे पत्रे एकात एक बसवलेले. दुसऱ्या एका उपकरणाचे कामकाज पुण्याच्या ‘आयुका’तून, जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या संस्थेतून, चाले. पाच वर्षांसाठी आखलेला हा उपग्रह त्याहून अधिक काळ काम करीत राहिला. मात्र हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे की, मृगासारख्या दाटीच्या मेघातले तारे वेगवेगळे करण्याइतकी त्या दुर्बिणीची नजर तीक्ष्ण नाही. तिचे बळ एकट्या-दुकट्या ताऱ्यावरची ज्वाला बराच वेळ पाहण्यात आहे. एबी डोराडस या तरुण, वेगाने फिरणाऱ्या ताऱ्यावरच्या ज्वाला तिने चांगल्या टिपल्या. तो मेघातून केव्हाच बाहेर पडलेला आहे.

आमच्या रस्त्यावरचे एक नाव शेवटी घ्यायला हवे. आळंदीहून चाकणला जावे, नाशिक रस्त्याला लागून राजगुरुनगर, मंचर मागे टाकावे, की नारायणगावाजवळ खोडद लागते. तेथे गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. डबलिनच्या रेचल एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुर्बिणीने वृषभातील डीजी टाउरी या तरुण ताऱ्याचे वेध घेतले आणि २०१४ मध्ये कळवले की, ताऱ्यातून उसळणाऱ्या झोताच्या टोकाशी जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन असल्याची चिन्हे आहेत. याच ताऱ्याच्या झोतातून क्ष-किरण येतात, हे चंद्रा वेधशाळेने आधी दाखवले होते. २०१६ मध्ये त्याच गटाने खोडदहून टी टाउरीचेही वेध छापले. १८५२ मध्ये हाइंडने दुर्बिणीतून पाहिलेला तोच तारा.

ज्यांना पाहायचे असेल त्यांनी कार्तिकातल्या वद्य पक्षात, किंवा त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांतल्या एखाद्या चंद्र नसलेल्या रात्री, गावाबाहेर जावे. आधी सुरैयाचा पुंजका शोधावा, मग तिच्यामागची तांबूस रोहिणी. टी टाउरी रोहिणीपासून सुरैयाकडे जाताना वाटेत, रोहिणीच्या बाजूला आहे. साध्या दुर्बिणीने तो मंद ठिपकाच दिसेल. तेथून पूर्वेकडे नजर नेली की बाणाचे तीन तारे लागतात, आणि त्यांच्या दक्षिणेला तो धूसर ठिपका.